अडखळणारं घरटं

त्या मे महिन्यात मी पाठ टेकून पडून होते. कारण अगदीच साधं होतं. सकाळी कुलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली, जरा वळले, आणि कमरेत लख्खकन काहीतरी चमकलं. बादली तिथंच कलंडली. मी दाराची चौकट धरून थोडा वेळ उभी राहिले, मग उभंही राहवेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे. ऑपरेशन टळेल, पण सपाट पडून राहायचं. बसायचं नाही, वाकायचं नाही. किती दिवस, असं विचारल्यावर म्हणाले, ते तुमची पाठच सांगेल.

मी बाभुळगावात शाळेत मराठी शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या होत्या, म्हणून रजेची काळजी नव्हती. घरात आम्ही दोघंच. यजमानांचं बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात, त्यामुळे मे महिना त्यांच्या धावपळीचा. सकाळी पोळी-भाजी करून, माझ्या उशाशी पाणी आणि गोळ्या ठेवून ते जात, आणि दुपारी जेवायला येत. मधल्या वेळात शेजारच्या सिस्टर येत. त्यांना सारं गाव सिस्टरच म्हणतं. आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तालुक्यातली अर्धी माणसं आपल्या हातावर जगात आली हे त्या सहज सांगत, भाजीचा भाव सांगावा तसं. त्या मला कुशीवर वळवत, एकेक पाय हळूहळू उचलायला लावत, आणि मग खुर्ची ओढून बसत.

लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा. तो लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम पाहतो. मला पाहायला आला तेव्हा आपला जुना लॅपटॉप ठेवून गेला. पडल्या पडल्या वेळ जाईल म्हणाला. पण पाठीवर पडलेल्या माणसानं लॅपटॉप पाहायचा कसा? यजमानांनी दुकानातून लोखंडी अँगल आणले, कापले, जोडले, आणि पलंगाच्या दोन्ही कडांना नटबोल्टनं आवळून एक कमान उभी केली. तिच्यात लॅपटॉप तिरपा बांधला. तो छातीवर पडेल अशी मला भीती वाटत होती, तर ते स्वतः त्या कमानीला लोंबकळले. मग माझ्या पोटावर शाळेतली एक पाटी ठेवली, तिच्यावर माउस. अशी मी त्या कमानीखाली महिनाभर राहिले.

घरटं मी शोधायला गेले नव्हते. कमरेच्या व्यायामाचे व्हिडिओ पाहत होते. गोळीच्या गुंगीत बोट कुठेतरी भलतीकडे पडलं आणि समोर एक चित्र आलं. विटांचं उंच धुराडं, त्यावर काटक्यांचा मोठा ढीग, आणि ढिगावर बसलेला एक पांढरा पक्षी. पंखांच्या कडा काळ्या, चोच लाल. मागं राखी आभाळ. कोणी बोलत नव्हतं, संगीतही नव्हतं. मला तो फोटोच वाटला. बराच वेळ मी त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग पक्ष्याच्या मानेवरची पिसं वाऱ्यानं उलटी झाली. चित्र तिथल्या कॅमेऱ्यातून थेट येत होतं, आणि तिथं पाऊस पडत होता. आत्ता, या घटकेला, कुठल्यातरी थंड देशातल्या एका गावात पाऊस पडत होता, आणि एक करकोचा डोळे मिटून त्यात बसला होता.

आमच्याकडे तेव्हा अंगणात टाकलेला कपडा दोरीवर पसरता पसरता वाळायचा. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नसे. खिडक्यांना ओली पोती लावलेली, खोलीत हिरवट अंधार, कुलरच्या गवतातून पाणी ठिबकण्याचा आवाज, आणि तोंडासमोर हा पाऊस. मी झोपायची, जागी व्हायची, पुन्हा झोपायची. कितीदा तरी डोळे उघडल्यावर कळत नसे की पाणी कुठलं ठिबकतं आहे. एकदा मला स्वप्न पडलं की मी त्या धुराड्यावर काटक्यांत पडले आहे, पाठ अजिबात दुखत नाही, आणि खाली ओल्या कौलांचं गाव आहे. तिथल्या गल्लीतून आमच्या गावातले लोक छत्र्या घेऊन चालले आहेत, कोणीही वर पाहत नाही, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. जागी झाले तरी थोडा वेळ गालाला गारवा जाणवत होता.

आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. त्या वेळी दुसरा करकोचा येई. हा कुठून तरी चिखलातून चालून आलेला असे, पाय काळे झालेले. बसलेला उठून उभा राही आणि मग दोघंही मान मागं टाकत, इतकी मागं की डोकं पाठीला टेके, आणि चोची टिपऱ्यांसारख्या वाजवत. गळ्यातून आवाज नाही, नुसती चोचींची टकटक. मला उशीवरची मान वळवायची तर दात आवळावे लागत, त्यामुळे त्या मानेचा मला फार हेवा वाटे. वाजवून झालं की पहिला उडून जाई आणि दुसरा बसण्याआधी खाली वाकून पाही. तेव्हा दिसत. चार अंडी, मातकट पांढरी.

यजमानांना त्यात काही गोडी नव्हती. जेवताना विचारत, "तुहा बगळा काय म्हणते?" मी सांगे, बगळा नाही, करकोचा आहे. ते बरं म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बगळाच म्हणत. वाईट हेतू नव्हता. त्यांचं लक्ष नसे. आमचं बोलणं अनेक वर्षांपासून तेवढंच होतं, काय आणायचं, काय संपलं, कोण येऊन गेलं. त्यात भांडण नव्हतं आणि दुसरंही काही नव्हतं.

सिस्टरना मात्र घरट्याचं फार अप्रूप. त्या चष्मा पुसून, खुर्ची अगदी कमानीला लावून बसत आणि एखाद्या बाळंतिणीकडे पाहावं तसं पाहत. पक्षीण उठून अंडी चोचीनं फिरवू लागली की म्हणत, आता ही कूस बदलून देते आहे, तुला मी देते तशी. जन्म लवकर आणता येत नाही, थांबावं लागतं, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं. अंड्यांसाठी सांगत होत्या की माझ्या पाठीसाठी, हे मी विचारलं नाही.

बुद्धपौर्णिमेला त्या विहारातून पांढऱ्या साडीतच माझ्याकडे आल्या. हातात खिरीचा डबा होता. मला चमच्यानं खीर भरवत होत्या, तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती सूचना आली. ती रोजच येत होती. नवीन अपडेट तयार आहे, आता करायचं की नंतर. मी रोज नंतरवर दाबत आले होते. त्या दिवशी घरट्यात काही घडत नव्हतं, पक्षी झोपलेला होता, तोंडात खीर होती. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. दाबलं. पडदा निळा झाला, ठिपके गोल फिरू लागले. सिस्टर थोडा वेळ त्या ठिपक्यांकडेही तितक्याच निष्ठेनं पाहत बसल्या, मग डबा घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी लॅपटॉप सुरू झाला तेव्हा सगळं नवीन आणि गुळगुळीत दिसत होतं. खिडक्यांचे कोपरे गोल झालेले, रंग वेगळे. मी घरटं उघडलं. करकोच्यानं एक पंख उचलला आणि तो पंख तसाच राहिला. मधोमध तो वाट पाहायला लावणारा गोल फिरू लागला. चोचींची टकटक मात्र ऐकू येत होती, म्हणजे तिथं कोणीतरी आलं होतं, दोघं मान मागं टाकून वाजवत होते, आणि मला दिसत होता तो उचललेला पंख. मग चित्र एकदम उडी मारून पुढं गेलं. पंख मिटलेला, पक्षी दुसराच. मधलं सगळं हरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दोन-चार क्षण चालायचं, थबकायचं. आवाज पुढं, चित्र मागं. आणि नेमक्या त्याच दिवसांत पक्षीण वारंवार उठून अंड्यांकडे वाकायला लागली होती, बसल्यावरही एका जागी ठरत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "ऐकून राह्यली ते. आतलं बाळ बोलत असन." आणि पडद्यावर ती पक्षीण वाकलेलीच राहिली, गोल फिरत राहिला, आणि आम्ही दोघी त्या थबकलेल्या पाठीकडे पाहत बसलो.

मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीला रडायचं कारण नव्हतं हे मला कळत होतं. पण दिवसभरात माझ्या डोळ्यांसमोर हलणारी, जगणारी तेवढीच एक गोष्ट होती. सिस्टरनी पदरानं माझे डोळे पुसले, कारण तेही मला नीट जमत नव्हतं, आणि घरी जाता जाता यजमानांच्या दुकानावर थांबून त्यांना सांगितलं. त्या दुपारी ते जेवायच्या वेळेआधीच घरी आले. आल्या आल्या लॅपटॉपसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दाखव मले काय होऊन राह्यलं ते."

त्यांचा पहिला संशय इंटरनेटवर. त्यांनी वायफायची डबी बंद करून पुन्हा चालू केली, मग उचलून पलंगाजवळच्या फळीवर आणून ठेवली. फरक नाही. नेटवाल्याला फोन केला, तो येऊन तार तपासून गेला आणि लाइन चांगली असल्याचं सांगून गेला. तेव्हा यजमानांनी तेच घरटं स्वतःच्या फोनवर लावून पाहिलं. तिथं पाऊस सरळ पडत होता, पिसं हलत होती, कुठं अडखळणं नाही. तीच डबी, तीच लाइन. म्हणजे दोष बाहेरचा नव्हता, लॅपटॉपमध्येच होता.

मग फोनवरच पाहा की, असं कोणीही म्हणेल. यजमानांनीही तेच म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. पाठीवर पडून दोन्ही हातांनी तोंडासमोर फोन धरला तर थोड्या वेळानं खांदे भरून आले, आणि मधेच दारव्ह्याच्या कोण्या शेतकऱ्याचा मोटारीसाठी फोन आला तसा तो थरथरून माझ्या नाकावर पडला. शिवाय दुकान त्या फोनवर चालायचं. तो माझ्याकडे कसा राहणार?

माझ्या भावाला फोन लावला. तो तिकडून सांगे, यजमान इकडं माउस हलवत. भावानं आधी चित्राचा दर्जा कमी करायला सांगितला. केला, तर सगळं घरटं चौकोन-चौकोन झालं, अंडी कुठली आणि काटक्या कुठल्या कळेना, आणि थबकायचं ते थबकतच राहिलं. मग तो म्हणाला की मोठ्या अपडेटनंतर लहान-लहान अपडेट मागून गुपचूप उतरत असतात, ते थांबवून पाहा. थांबवले. संध्याकाळपर्यंत जरा बरं चाललं असं आम्हाला वाटलं, किंवा वाटून घेतलं. सकाळी पुन्हा तेच. मग ब्राउझर साफ केला, दुसरा ब्राउझर घातला. प्रत्येक वेळी पहिली काही मिनिटं आशेची जात.

एके दिवशी यजमान म्हणाले, आत धूळ बसली असेल, आणि लॅपटॉप कमानीतून सोडवून दुकानात घेऊन गेले. त्या दिवशी माझ्यासमोर रिकामी कमान आणि तिच्या पलीकडे छत. छताला एक जुनी ओल आली होती, तिची कड मी नजरेनं कितीदा तरी फिरून आले. दुपार सरत नव्हती. झोप लागली तरी स्वप्न पडलं नाही.

संध्याकाळी ते परत आले, लॅपटॉप जागेवर बांधला, आणि घरटं लावून त्याच्या खालच्या बाजूला तळहात टेकवून उभे राहिले. मोटारीवर टेकवतात तसाच. धूळ निघाली होती, पण आतला पंखा पुन्हा जोरात घुरघुरायला लागला. त्यांनी व्हिडिओ बंद केला. पंखा शांत झाला. पुन्हा लावला. पुन्हा घुरघुर. त्यांनी माझ्या भावाला फोन लावला आणि विचारलं, "व्हिडिओ लावला का हे मशीन तापते काहून? नेट तर येऊन राह्यलं. मंग मेहनत कायची करून राह्यलं?"

 भाऊ म्हणाला की तापण्याचं हे आधी सांगायला हवं होतं. कोणता भाग किती काम करतो आहे हे दाखवणारी एक खिडकी असते, ती त्यानं उघडायला सांगितली आणि एकेक रेघ वाचून दाखवायला लावली. प्रोसेसरची रेघ अगदी वर टेकलेली. नेटची रेघ जेमतेम हलणारी. आणि चित्र उलगडायचं काम करणाऱ्या भागाची रेघ शोधली, तर ती तिथं नव्हतीच.

झालं होतं ते असं. लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळा भाग असतो आणि तो चालवायला त्याचा स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. लॅपटॉप जुना, त्यामुळे अपडेटनं त्याचा ड्रायव्हर काढून टाकला आणि जागेवर एक साधा, कोणालाही चालेल असा बसवला. त्यावर अक्षरं दिसत होती, फोटो दिसत होते, पण हलतं चित्र उलगडायचं काम सगळं बिचाऱ्या प्रोसेसरवर येऊन पडलं होतं. भाऊ म्हणाला, माझ्याच डोक्यात आधी यायला पाहिजे होतं. यजमान म्हणाले, जाऊ दे, मोटार वाजल्याशिवाय बिघाड समजत नाही. आता लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी यजमान त्यासाठी घरीच थांबले. मॉडेलचा नंबर लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेला होता, तो त्यांनी माझ्या डोक्याशी झुकून वाचला, मी तो लिहिला, साइट उघडली, आणि फाइल उतरायला लागली. फाइल मोठी होती. पट्टी हळूहळू भरत होती. निम्म्यावर आली आणि वीज गेली.

कुलर थांबला. इतका वेळ ज्या आवाजाकडं आमचं लक्ष नव्हतं तो गेल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटली. वायफायही गेलं, पट्टी जिथल्या तिथं. यजमानांनी पंचा ओला करून माझ्या कपाळावर ठेवला आणि ते सिस्टरच्या खुर्चीत बसले. बाहेर एक होला घुमत होता. घाम कानामागून उशीत उतरत होता. मला वाटलं, ते आता उठून दुकानात जातील. ते गेले नाहीत.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "एक अंडं फुटलं."

मी मान वळवली, दुखायचं ते दुखलं. कधी, असं विचारलं.

"काल. दुकानात पाह्यलं मी. फोनवर लावून ठेवतो आता." ते पंच्याच्या टोकाशी चाळा करत होते. "तुले सांगितलं नाई. तू इतक्या दिवसाची वाट पाहून राह्यली, अन् पाह्यलं कोणी, तर मी. मले बरं नाई वाटलं ते."

 हसू येत होतं, हसलं की कमरेत कळ येत होती. पिल्लू कसं आहे, विचारलं. ते खरोखर आठवून आठवून सांगू लागले. आधी छिद्र पडलं, मग बराच वेळ काहीच नाही. त्यांनी मधे एका मोटारीची कॉइल भरून संपवली, तरी छिद्र तेवढंच. मग कवच आडवं तडकलं आणि आतून एक ओला गोळा बाहेर आला, चोच काळी, डोकं सावरता येईना असं. पक्षिणीनं आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे, असं ते म्हणाले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यजमानांनी पाहिलेली एखादी गोष्ट मला अशी बारकाईनं, न थांबता सांगितल्याचं आठवत नाही. मी डोळे मिटून ऐकत होते. मला सगळं दिसत होतं, अडखळल्याशिवाय.

सांगून झाल्यावर ते उठले. पंचा पुन्हा ओला करून आणला. कपाळावर ठेवताना त्यांचा हात तिथंच थांबला. हाताला वार्निशचा वास होता.

"तू उठशीन न?" त्यांनी विचारलं.

घरात रोज स्वयंपाक, मला अंघोळ घालणं, वळवणं, सगळं ते न बोलता करत होते. त्यांना भीती वाटत असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी म्हटलं, "उठेन. डॉक्टर म्हणतात तसं पाठ सांगेल तेव्हा उठेन." ते बरं म्हणाले. मग आम्ही दोघंही त्या काळोखलेल्या पडद्याकडे पाहत राहिलो. त्यात वरून खाली आमचीच तोंडं अंधूक दिसत होती, एक आडवं, एक उभं. केव्हातरी माझा डोळा लागला.

कुलरच्या आवाजानं जाग आली. ऊन खिडकीच्या दुसऱ्या अंगाला गेलं होतं. यजमान लॅपटॉपपाशी उभे होते. फाइल उतरली होती, ड्रायव्हर बसवून झाला होता, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. पडदा क्षणभर काळा पडला, लुकलुकला, आणि उजळला तेव्हा अक्षरं जास्त रेखीव दिसली. त्यांनी माउस माझ्या हातात दिला. म्हणाले, तू लाव.

मी लावलं. पाऊस थांबलेला होता तिथं, पण काटक्यांच्या टोकांना थेंब होते, आणि थेंब पडताना दिसत होते. एकेक. पक्षीण बसलेली होती आणि तिच्या छातीखालून दोन डोकी बाहेर आलेली, एक नव्हे, दोन. पांढरट ओली लव, काळ्या चोची. पंखा आत अगदी हळू फिरत होता. गोल कुठंच नव्हता. यजमानांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावून पाहिला आणि मग सिस्टरना बोलवायला गेले.

तिसरं पिल्लू आम्ही तिघांनी पाहिलं, दोन दिवसांनी दुपारी. छिद्र सकाळीच पडलं होतं. यजमानांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवलं होतं. सिस्टर पुढच्या खुर्चीत, ते मागं भिंतीला टेकून. पक्षीण मधेच अंगाखाली सगळं झाकून घेई आणि आम्ही नुसते तिच्या पाठीकडे पाहत असू. सिस्टर पुटपुटत होत्या, "हळू वं माय, हळू." शेवटी ती उठली तेव्हा कवचाचे दोन भाग बाजूला पडलेले होते आणि मधे तो चिंब जीव मान टाकून पडलेला. कितीतरी वेळ तो हलला नाही. मग त्याची पाठ वर-खाली होताना दिसली. सिस्टरनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तो नुसता मांडीवर ठेवला.

चौथं अंडं फुटलं नाही. पक्षीण आणखी काही दिवस ते फिरवत राहिली, मग ते काटक्यांच्या कडेला सरकलं, मग एका सकाळी दिसलं नाही. मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या की असं असतं, आणि माझा पाय थोडा जास्त वर उचलायला लावला. त्या दिवशी पाय आधीपेक्षा वर गेला. दुखलं, पण गेला.

जूनच्या मध्यात डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली. आधी उशीला टेकून, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून, मग पट्टा बांधून खोलीभर. उभी राहिले तेव्हा घर मला ठेंगणं वाटलं, आणि खिडकीतून दिसणारा रस्ता फार दूरपर्यंत गेलेला. घरट्यातली तिघंही तोवर पायांवर उभी राहू लागली होती, पंख उघडून स्वतःच दचकत होती.

शाळा उघडायच्या आधी एका संध्याकाळी मी यजमानांचा हात धरून हळूहळू चालत दुकानापर्यंत गेले. त्यांनी मला स्टूल दिलं. आत दोन शेतकरी आपल्या मोटारी सोडवून घ्यायला बसले होते. तांब्याच्या तारेच्या रिळाला टेकवून फोन उभा केलेला, आणि ते दोघं मान पुढं करून त्यात पाहत होते. एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, हे पाखरं उडतील कवा?"

मी म्हटलं, मलाही माहीत नाही. त्यानं आपला पंचा झटकून बाकावर जागा केली, यजमानांनी फोन थोडा माझ्याकडे वळवला, आणि आम्ही पाहत बसलो.